दुकान चाकणला, बिऱ्हाड कोठे?

व्यापारी माणूस गाव बदलतो तेव्हा आधी गाळा पाहतो. घराचा विचार मागाहून होतो. मारवाडातून दक्षिणेत आलेल्या पिढ्यांचा क्रमही हाच होता. घरातला एखादा तरुण प्रथम एकटा यायचा, नातलगाच्या पेढीवर काही वर्षे काढायचा, मग स्वतःचे दुकान थाटायचा, आणि जम बसल्यावर बायकामुलांना आणायचा. या संथ क्रमात चुका दुरुस्त करण्यास अवधी असे. आजचे कुटुंब मात्र एकाच उन्हाळ्यात सगळेच्या सगळे हलते. मुलांची शाळा, वृद्धांची औषधे आणि बँकेचे कर्ज, सारे एकाच टेम्पोत चढते. म्हणून बिऱ्हाड कोठे करावे हा प्रश्न आता गाळ्याइतकाच, किंबहुना त्याच्या आधी, सोडवावा लागतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकण पट्ट्यात परराज्यांतून येणाऱ्या व्यापारी कुटुंबांचा ओघ जुनाच आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, पुढच्या दशकात टेल्को आणि बजाज आले, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. नंतर उद्योग उत्तरेकडे सरकले. १९९९ मध्ये बजाजने चाकणला कारखाना काढला आणि २००९च्या सुमारास फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ व महिंद्र यांनी तेथे बस्तान बसवले. प्रत्येक मोठ्या कारखान्यामागे शेकडो लहान कारखाने येतात. त्यांना नट-बोल्ट, पुठ्ठ्याची खोकी, हातमोजे, वंगण, वह्या-पावत्या आणि उपाहारगृहासाठी धान्य लागते. ही गरज भागवणारा वर्ग बहुतांशी आपल्यासारख्या कुटुंबांतला असतो.

उदाहरणासाठी निपाणीचे एक कुटुंब कल्पावे. तंबाखूच्या व्यापारात आता दोन भावांचे भागत नाही. थोरला निपाणीतच राहणार; धाकटा चाकणला पॅकिंगच्या साहित्याचे दुकान काढणार. सोबत पत्नी, आठवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि सत्तरी ओलांडलेली आई. बोली मराठी, पण राज्य कर्नाटक. महामार्गाने पुणे काही तासांवर असले तरी कागदोपत्री हे परराज्यातले स्थलांतरच आहे.

या कुटुंबापुढे चार वाटा असतात: खुद्द चाकण, तळेगाव दाभाडे, राजगुरुनगर, किंवा सरळ चिंचवड-मोशीकडचे शहर. आळंदीचेही नाव निघते. तीर्थक्षेत्राचे वातावरण आईला रुचेलही, पण वारीच्या काळात तेथून मालाची ने-आण करणे सोपे नाही.

चाकणला केवळ कारखान्यांचे गाव समजणे बरोबर नाही. संग्रामदुर्गाचा कोट आणि १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्तेखानाशी दिलेली झुंज सर्वांना ठाऊक आहे. व्यापाऱ्यास त्याहून महत्त्वाचा आहे तेथला कांद्याचा बाजार आणि शनिवारचा जनावरांचा बाजार. कारखाने येण्यापूर्वीपासून या गावात पैसा फिरत होता. दुकानासाठी म्हणूनच चाकण उत्तम. राहण्यासाठी तसे म्हणवत नाही. तळेगाव चौक, माणिक चौक, आंबेठाण चौक या तीन नावांतच तेथल्या दिवसाचे वर्णन आहे. अवजड वाहनांच्या रांगेतून चौथीतल्या मुलाने शाळेत जायचे आणि सत्तरीतल्या आईने रस्ता ओलांडून दर्शनास जायचे, हे रोज घडणार असते. घर पाहताना भाडे विचारले जाते; उन्हाळ्यात टँकर किती मागवावे लागतात आणि त्याचे पैसे कोण देतो, हे विचारायचे राहून जाते.

तळेगावची गोष्ट वेगळी. हवा चांगली, शाळा जुन्या, पुणे-लोणावळा लोकल दारात. लोकमान्यांचा पाठिंबा लाभलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये उभारलेला काच कारखाना याच गावचा. म्हणजे उद्योगाची ओळखही आजची नाही. चाकण सुमारे वीस किलोमीटर. नकाशावर हे अंतर किरकोळ दिसते. तळेगाव-चाकण रस्त्यावर कंटेनरची रांग लागली की घड्याळाला अर्थ राहत नाही.

येथे आपल्या घरांतला एक जुना नियम हिशेबात धरावा लागतो. डिसेंबरात या भागात सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो. दुकानदाराने चौविहार घरी करायचा म्हटला तर चाकणहून साडेचारलाच निघावे लागेल, आणि कारखान्यांची खरेदी नेमकी पाळी बदलण्याच्या वेळेस होते. मग डबा दुकानातच येतो, आणि सायंकाळचे जेवण कुटुंबाने एकत्र घेणे संपते. भरीला सुट्टीचा मेळ बसत नाही. या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, शाळांची रविवारी. बाप गुरुवारी घरी असतो तेव्हा मुले वर्गात असतात. ज्यांना याची झळ लागलेली नाही त्यांना हे क्षुल्लक वाटेल.

राजगुरुनगर, म्हणजे जुने खेड, चाकणच्या उत्तरेस सुमारे बारा किलोमीटरवर आहे. हुतात्मा राजगुरूंचे जन्मगाव. तालुक्याचे ठिकाण असल्याने तहसील, न्यायालय, दस्तनोंदणी, बाजार समिती आणि बँका एकाच गावात आहेत. पुणे-नाशिक मार्गावर असल्याने साधू-साध्वींच्या विहारातही हे गाव लागते. मात्र महामार्गावरून पहाटे चालणाऱ्या महाराजसाहेबांच्या सुरक्षिततेचा प्रश्न या मार्गावर आहेच. पोलिसांची हद्दही बदलते. चाकण आणि तळेगाव २०१८ मध्ये स्थापन झालेल्या पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात आहेत, राजगुरुनगर पुणे ग्रामीणमध्ये. भाडेकरूची माहिती कोणत्या ठाण्यात द्यायची, येथपासून हा फरक सुरू होतो.

गावाची निवड करताना खरा विचार भाड्याचा नसून गावाच्या मिळकतीचा आहे. त्या गावात पैसा किती दिशांनी येतो? आकुर्डीच्या बजाज कारखान्यातील वाहननिर्मिती २००७ मध्ये थांबली. आकुर्डी तरली, कारण तोवर तिच्याभोवती शहर उभे होते. तळेगावजवळचा जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. कंपनीने २०१७ मध्ये देशातली विक्री थांबवली आणि २०२०च्या अखेरीस उत्पादनही. ह्युंदाईने तो कारखाना ताब्यात घेतला तो २०२४च्या जानेवारीत. मधली तीन वर्षे फाटकासमोरचा चहावाला, खोलीमालक आणि सुटे भाग पुरवणारा यांनी कशी काढली असतील? बँकेच्या भाषेत याला एकाच कर्जदारावर सारा भार ठेवणे म्हणतात. शहाणी बँक तसे करत नाही. मग कुटुंबाने दुकान, घर आणि घरासाठीचे कर्ज ही तिन्ही एकाच फाटकासमोर का मांडावीत? दुकान कारखान्यावर अवलंबून असेल तर घर तरी अशा गावी असावे, जेथे शेती, कचेऱ्या, शाळा आणि आठवडी बाजार यांवरही लोक जगतात. या कसोटीवर राजगुरुनगर व तळेगाव दोन्ही उतरतात. महामार्गालगतच्या माळावर नव्याने उगवलेल्या इमारतींच्या वसाहती उतरत नाहीत, त्यांची जाहिरात कितीही देखणी असो.

उधारीचेही भान हवे. लहान उत्पादकास त्याचे पैसे ४५ दिवसांच्या आत मिळावेत, असा कायदा २००६ पासून आहे, आणि अलीकडे आयकराच्या तरतुदीने त्याला धार आली आहे. पण हे संरक्षण उत्पादक व सेवा देणाऱ्यांना आहे. व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी मिळू लागली ती केवळ अग्रक्रमाच्या कर्जासाठी. थकलेल्या वसुलीचे कलम त्यांना लागू नाही. पुष्कळ दुकानदारांचा येथे गैरसमज आहे. कारखाना ९० दिवसांनी पैसे देईल, घरमालक मात्र दर महिन्याच्या पाच तारखेस दार वाजवील. पहिल्या वर्षी स्वस्त गावात राहण्याचे कारण काटकसर एवढेच नसते. उधारीत अडकलेल्या भांडवलाला तो आधार असतो.

जीएसटीची नोंदणी राज्यागणिक वेगळी. निपाणीचा क्रमांक २९ने सुरू होतो, चाकणचा २७ने होईल. निपाणीच्या खात्यात शिल्लक असलेला कर-परतावा उचलून महाराष्ट्रातल्या खात्यात टाकता येत नाही. म्हणून काही माल चाकणला न्यायचा असेल तर जुन्या नोंदणीवरून नव्या नोंदणीच्या नावे रीतसर बिल करावे, ई-वे बिल काढावे, म्हणजे कराची वजावट नव्या खात्यात मिळते. थोरला भाऊ निपाणीतच राहणार असेल तरी दोन्ही वह्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवाव्यात. भावाभावांतले पुढचे वाद बहुधा येथेच जन्मतात. कॅश क्रेडिटची शाखा बदलणे तुलनेने सोपे. परतफेडीचा इतिहास पॅनबरोबर जातो. मात्र तारण असलेली मालमत्ता निपाणीत राहते, आणि ती सामाईक असेल तर थोरल्या भावाच्या संमतीशिवाय मर्यादा वाढत नाही. निघण्याआधी हे घरात बोलून घ्यावे, लाज वाटली तरी.

घर पहिल्या वर्षी विकत घेऊ नये. महाराष्ट्रात भाड्याचा करार अकरा महिन्यांचा असला तरी त्याची नोंदणी सक्तीची आहे. परराज्यातून आलेल्यांना हे खर्चिक वाटते, पण पुढे पत्त्याचा पुरावा म्हणून हाच कागद ठिकठिकाणी चालतो. नंतर सदनिका घ्यायची झाल्यास महारेराचा क्रमांक आणि नगरपरिषदेची वा पीएमआरडीएची बांधकाम मंजुरी पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. गुंठ्याने विकलेल्या शेतजमिनीवर उभी राहिलेली घरे या पट्ट्यात पुष्कळ आहेत. त्यांवर बँक कर्ज का देत नाही, याचा विचार घेणाऱ्याने करावा. मोटारीचे कागदही विसरू नयेत. बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर कर्नाटकातून ना-हरकत आणून एमएच-१४ची नोंदणी करावी लागते.

या साऱ्या हिशेबात दोन व्यक्तींचे मत सहसा विचारले जात नाही. एक, घरातली सून. गाव पाहण्यास पुरुष जातात आणि गाळ्याची अनामत देऊन परततात. वास्तविक दिवसाचे सोळा तास त्या गावात तीच काढणार. पीठगिरणी कुठे, रात्री दवाखाना उघडा असतो का, सासूबाईंना स्थानक वा देरासर पायी गाठता येईल का, मुलांना पाठशाळा आहे का, कंदमूळ न घातलेला पदार्थ मागितला तर शेजारीण नवलाने पाहील की समजून घेईल, हे तिला दोन तासांत कळते. तिला सोबत नेऊन एक रविवार आणि एक कामाचा दिवस गावात काढावा. रविवारचे चाकण आणि मंगळवारचे चाकण ही दोन गावे आहेत.

दुसरी व्यक्ती म्हणजे आठवीतली मुलगी. तिच्या बाबतीत उशीर परवडत नाही. महाराष्ट्रातील वैद्यकीय प्रवेशांच्या राज्य कोट्यासाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी दोन्ही परीक्षा याच राज्यातून झालेल्या असाव्या लागतात. दहावी कर्नाटकातून देऊन मग आणू, हा विचार प्रेमाचा असला तरी महाग पडू शकतो. निपाणी महाराष्ट्राच्या दाव्यातील ८६५ गावांत असल्याने सीमाभागातील मराठी भाषिक विद्यार्थ्यांसाठी वेगळी तरतूद आहे. तिचा लाभ पुढेमागे घ्यावासा वाटला तर रहिवासाचे दाखले गाव सोडण्यापूर्वीच काढावेत. पाली किंवा सिरोहीहून येणाऱ्या कुटुंबास ती सोयही नाही. त्यांच्या मुलांपुढे मराठीचाही प्रश्न येतो. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली आहे. हिंदी माध्यमाच्या मुलास लिपी ओळखीची असते, एवढाच दिलासा. भाषा तो वर्गात कमी आणि दुकानाच्या ओट्यावर अधिक शिकेल. दुकानाची पाटीही मराठीतच लागणार आहे.

चाकणला दुकान आणि राजगुरुनगरला घर, ही निपाणीच्या कुटुंबासाठी सर्वांत कमी धोक्याची जोडणी दिसते. मुलगी अकरावीत गेली आणि चांगले महाविद्यालय लोकलच्या वाटेवर मिळाले तर तळेगावचा विचार पुन्हा करता येईल. शहरातले घर सर्वांत सोयीचे आणि सर्वांत महाग. सहा महिन्यांची उधारी सोसण्याइतकी शिलकीची रक्कम हाताशी असेल तरच त्या वाटेस जावे.

निघण्याचा मुहूर्त एप्रिलच्या परीक्षांनंतरचा आणि चातुर्मासापूर्वीचा असावा. दुसऱ्या राज्यात प्रवेश घ्यायचा तर शाळा सोडल्याच्या दाखल्यावर शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी मागितली जाते. मे महिन्यात कार्यालयात माणसे रजेवर असतात. तो दाखला सामान बांधण्यापूर्वी हाती यावा.