नाटकाचा तास

कुंडलिकेच्या काठच्या जुन्या जालन्यातील विद्यार्थ्यास नाट्यकला रीतसर शिकावयाची झाल्यास त्याने छत्रपती संभाजीनगरातील विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग गाठेपर्यंत थांबावे, ही रीत आम्हांस उफराटी वाटते. शाळेत नाटक म्हणजे संमेलनाची एक संध्याकाळ! 1948 सालापर्यंत येथे निजामाचा अंमल व माध्यमिक शिक्षण उर्दूतून. मायबोलीत चारचौघांपुढे बोलण्याचा सराव मुलांस शाळेत घडणे तेव्हा कठीणच होते. आज ती सबब उरलेली नाही.

नाटक हे लोकशिक्षणाचे साधन होय, हे जोतीराव फुले यांनी 1855 सालीच 'तृतीय रत्न' लिहून दाखविले; दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले, ही गोष्ट निराळी. 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही शालेय कलाशिक्षणात नाट्यास स्थान दिले. पण वेळापत्रकात ते कोठे आहे?

आमचे मागणे लहान आहे. आठवड्यास एक तास द्यावा, आणि मोठी भूमिका नेहमी धिटुकल्या मुलासच देण्याची चाल बंद करावी. पोलाद कारखानदाराच्या मुलास हमाल करा, हमालाच्या अबोल मुलीस न्यायाधीश करा. शिक्षकांस तयार करण्याचे काम विद्यापीठाच्या विभागाने उन्हाळी सुटीत अंगावर घ्यावे.