चष्मा, चाळिशी आणि लेसर

मराठीत उपनेत्राला दोन नावे रूढ आहेत. फारसीत 'चश्म' म्हणजे डोळा. त्याच कुळातील 'चष्मा' हा शब्द कोणत्याही उपनेत्रास चालतो. 'चाळिशी' हा शब्द मात्र वयाचा निर्देश करतो. बोलण्यात दोहोंची सरमिसळ होते व तीत सहसा काही बिघडत नाही. डोळ्यांवरील लेसर-शस्त्रक्रियेचा विचार करताना मात्र हा भेद जपणे अगत्याचे ठरते; कारण ही शस्त्रक्रिया मुख्यतः चष्म्यावरील उपाय आहे, चाळिशीवरील नव्हे.

निकटदृष्टितेत नेत्रगोल बहुधा प्रमाणापेक्षा लांब असतो. त्यामुळे दूरच्या वस्तूची प्रतिमा जालपटलावर न पडता त्याच्या अलीकडे पडते. अंतर्गोल भिंगाचा चष्मा प्रकाशकिरणांना किंचित फाकवून ही प्रतिमा मागे सरकवितो. लेसर हेच कार्य स्वच्छमंडलाचा, म्हणजे बुबुळासमोरील पारदर्शक पटलाचा, आकार बदलून साधतो. डोळ्याच्या सुमारे ६० डायॉप्टर शक्तीपैकी सुमारे ४३ डायॉप्टर शक्ती या पटलाची असते; त्याचा मध्यभाग थोडा सपाट केला की ती आवश्यक तेवढी घटते.

पटलास नवा आकार देण्याची कल्पना लेसरहून जुनी आहे. बोगोटा येथे होसे बाराकेर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास, तर मॉस्को येथे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी १९७० नंतरच्या दशकात असे प्रयत्न केले. परंतु पात्याने साधणाऱ्या अचूकतेला मर्यादा असते. नोव्हेंबर १९८१ मध्ये आयबीएमच्या न्यूयॉर्क राज्यातील प्रयोगशाळेत रंगस्वामी श्रीनिवासन यांनी सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या मांसावर १९३ नॅनोमीटर तरंगलांबीच्या एक्सायमर लेसरचा प्रयोग केला. आसपासचा भाग न करपता स्वच्छ छेद मिळाला. जेम्स विन व सॅम्युएल ब्लम हे त्यांचे या कामातील सहकारी. १९८३ मध्ये नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी श्रीनिवासन यांच्यासमवेत हा लेसर स्वच्छमंडलास कसा उपयोगी पडेल, हे दाखवून दिले.

कोरण्याचे प्रमाण लहान, पण निर्णायक असते. ६ मिलिमीटर व्यासाच्या क्षेत्रात एका डायॉप्टरसाठी सुमारे १२ मायक्रॉन, म्हणजे ६ डायॉप्टरसाठी सुमारे ७२ मायक्रॉन जाडी खर्ची पडते. पटलाची मध्यभागी एकूण जाडी सरासरी ५४० मायक्रॉन. 'लॅसिक' पद्धतीत आधी वरची पातळ झडप उचलतात, खालचा भाग कोरतात व झडप पुन्हा बसवितात. तिच्याखाली निदान २५० मायक्रॉन जाडी राखण्याचा संकेत आहे. म्हणून ज्याचे पटल मुळात पातळ आहे किंवा शंकूसारखे पुढे येत आहे, त्याला शल्यविशारद नकार देतो. असा नकार रुग्णाच्या हिताचाच असतो. झडप करताना पटलातील सूक्ष्म मज्जातंतू छेदले जातात; त्यामुळे डोळे कोरडे पडण्याचा त्रास कित्येकांना काही महिने होतो, क्वचित अधिक काळ टिकतो.

शस्त्रक्रियेनंतर 'नंबर गेला' असे म्हणतात. या शब्दप्रयोगात थोडी फसगत आहे. नंबर जातो तो मोजमापातला. लांबलेला नेत्रगोल तसाच राहतो. तीव्र निकटदृष्टितेत ताणलेले जालपटल फाटण्याचा धोकाही कायम असतो, आणि चष्मा सुटला म्हणून नेत्रतपासणी सुटत नाही.

चाळिशीचे कारण तर निराळेच. वयाबरोबर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचिकता घटते. स्वच्छमंडल कोरल्याने ती परत येत नाही. उणे ३ नंबरचा प्राध्यापक पंचेचाळिसाव्या वर्षी चष्मा काढून सुमारे ३३ सेंटिमीटरवरचे पुस्तक सहज वाचतो. लेसरने दूरचे स्वच्छ दिसू लागताच त्याची ही सोय संपते आणि वाचण्यासाठी चाळिशी घ्यावी लागते. एक डोळा मुद्दाम किंचित निकटदृष्टी ठेवण्याची तडजोड काही जण स्वीकारतात. सर्वांना ती मानवत नाही. वाचन हाच ज्याचा व्यवसाय, त्याने हा हिशेब आधी मांडलेला बरा. विशीतल्या विद्यार्थ्याच्या बाबतीत हिशेब वेगळा. नंबर वर्षभर स्थिर असेल, तर चष्म्याविना बरीच वर्षे त्याच्या पदरात पडतात.

आणखी एक गोष्ट बहुधा विसरली जाते. पुढे मोतीबिंदू झाल्यास आत बसवायच्या भिंगाची शक्ती पटलाच्या वक्रतेवरून काढतात, आणि कोरलेल्या पटलावर नेहमीची गणिते चुकतात. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वीच्या मापांचा कागद घरच्या महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत जपून ठेवावा.