जुने अपयश मनातून का जात नाही?

तिरुवैयारु येथे, कावेरीच्या तीरी, 1847 साली समाधिस्थ झालेल्या त्यागराजांच्या स्मरणार्थ पुष्य बहुल पंचमीस शेकडो गायक-वादक पंचरत्न कृती एकत्र गातात. पूर्वी कधी भर सभेत ज्याचा स्वर ढळला, अशा गायकास तेथे बसतानाही ती जुनी फजिती का आठवावी?

भयाच्या क्षणी मेंदूतील बदामाकृती केंद्र, शरीरात उसळलेल्या संप्रेरकांच्या साहाय्याने, त्या प्रसंगाची स्मृती विशेष दृढ करते. पुढे तोच प्रसंग निर्विघ्न पार पडला, तरी पहिली नोंद सहसा खोडली जात नाही. दप्तरातील मूळ दस्तऐवजास नवा हुकूम जोडावा, तशी निर्भयतेची दुसरी स्मृती तिला जोडली जाते, आणि कपाळामागील मेंदूचा भाग तिच्या आधारे जुन्या भयास आवर घालतो. गाण्यात खंड पडला की ते भय पुन्हा डोके वर काढते. पावलॉव्ह यांनाही श्वानांवरील प्रयोगांत, मावळलेली शिकवलेली प्रतिक्रिया विश्रांतीनंतर परत उमटताना आढळली होती. तेव्हा जुनी आठवण परतणे ही अधोगती नव्हे.

सभाच टाळणाऱ्यास मात्र ही दुसरी नोंद लाभत नाही. श्रद्धेचे खरे कार्य मला येथेच दिसते: फलाची हमी नसताना ती माणसास पुन्हा गावयास बसवते. ज्यांचा स्वर एकदा ढळला, त्यांनी समूहात का होईना, अवश्य गावे.