कोय आणि कलम

गेल्या मृगात आठवीतील एका विद्यार्थ्याने आंब्याची कोय आमच्यापुढे धरून विचारले, “सर, हा आंबा साखरेसारखा गोड होता. ही कोय लावली तर झाडालाही असेच आंबे येतील ना?” प्रश्न साधा, पण फळबागेच्या धंद्याचे निम्मे शास्त्र त्यात साठविलेले आहे.

आमची मातृभाषा कोंकणी. आमच्या मुलखात कोयीच्या झाडास रायवळ म्हणतात आणि हापुसाच्या झाडास नुसते ‘कलम’. हा भेद उगाच पडलेला नाही. मोहोरावर माश्या व किडे कोठून कोणता पराग आणून टाकतील याचा नेम नसतो. म्हणून कोयीत आईचा अंश असतो तसा पित्याचाही असतो, आणि रोप आईची हुबेहूब प्रत होत नाही. किनारपट्टीवरील काही जातींत मात्र एकाच कोयीतून अनेक रोपे निघतात व ती बहुधा आईसारखीच असतात. पण तो अपवाद. आपल्या आदिलाबादच्या रानातील सीताफळे पाहा. सारी बियांची झाडे. म्हणूनच एकाचे फळ गरदार, तर शेजारच्याचे नुसते बियाळ!

व्यापाऱ्यास मात्र पेटीतील प्रत्येक फळ सारख्या गुणाचे हवे असते. ती हमी कलम देते. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत या विद्येचा पुष्कळ प्रसार झाला. ‘हापूस’ हे नावही अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आले.

कोय कलमाची रीत अशी. ताजी कोय पेरावी. रोप सुमारे दोन आठवड्यांचे होऊन त्याची पाने तांबूस असतील तोच ते कोयीपासून ७-८ सेंटिमीटरवर छाटावे व मधोमध ४-५ सेंटिमीटर खोल चीर द्यावी. जातिवंत झाडाची तीन-चार महिने वयाची काडी निवडून तिची पाने आठवडाभर आधी देठ राखून कापावीत, म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो. मग काडीच्या बुडाला पाचरीचा आकार देऊन ती चिरेत बसवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. सालीखालचा वाढता थर दोहोंकडून एकमेकांस भिडला, तरच कलम जीव धरते. पावसाळ्यातील दमट हवा या कामास अनुकूल असते.

परंतु कलम जुने गुण राखते; नवे गुण आणीत नाही. हापूस कितीही नामांकित असला तरी तो दरवर्षी सारखा फळत नाही, आणि त्याच्या गरात साका धरतो. नीलम मात्र नेमाने फळते. म्हणून वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलमच्या फुलावर हापुसाचा पराग घालून संकर करण्यात आला. त्यातून निवडलेली ‘रत्ना’ ही जात १९८१ साली दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने प्रसारित केली. पुढे रत्ना व हापूस यांच्या संकरातून अतिशय पातळ कोयीची ‘सिंधू’ १९९२ साली आली. आपल्या तेलंगणातही संगारेड्डीच्या केंद्राने रुमाणी आणि नीलम यांच्या संकरातून ‘मंजीरा’ निर्माण केली. असा संकर करताना रोपे पुन्हा कोयीपासूनच वाढवावी लागतात, फळांसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागते आणि अनेकांतून एक झाड निवडावे लागते. ते एकदा लाभले की त्याचा विस्तार करण्यास पुन्हा कलमच हवे.

या विद्येत हाताच्या कौशल्याइतकीच नोंदवहीही महत्त्वाची आहे. आमच्या एका विद्यार्थ्याच्या घरी कापसाचे दोन एकर रान मोडून आंब्याची कलमे लावली. काड्या कोणत्या मातृवृक्षाच्या, हे घेणाऱ्याने विचारले नाही. विकणाऱ्यापाशी नोंद नव्हती. पाचव्या वर्षी फळे धरली, तेव्हा बागेत चार तऱ्हांचे आंबे निघाले, आणि त्यांतले बहुतेक धागेदार! पाच वर्षांचे पाणी, खत आणि राखण अशी वाया गेली. धान्याचे बी फसवे निघाले तर एक हंगाम बुडतो. खोट्या कलमाने मात्र मुलाचे बालपण सरेपर्यंत घर अडचणीत राहते.

आता त्या कोयीविषयी. आम्ही ती फेकू दिली नाही. मुलांनी तशाच आणखी दहा कोया जमविल्या, पेरल्या, आणि ज्या बागेतील फळे आम्ही स्वतः चाखली होती तेथून काड्या आणल्या. अकरा कलमांपैकी चार जगली. प्रत्येकावर जात, मातृवृक्ष व तारीख लिहिलेली पत्र्याची चिठ्ठी बांधली आहे. त्यांना फळ धरेल तेव्हा प्रश्न विचारणारा तो मुलगा शाळेत नसेल. पण त्या वेळच्या मुलांनी आंबा चाखून चिठ्ठी वाचावी, आणि चिठ्ठी खरी ठरावी, एवढीच आमची इच्छा आहे.