न्याहारीला संत्रे-स्ट्रॉबेरी

पहाटे पाण्याची पाळी धरायला जायचे ते नुसत्या चहावर, हे आपल्याकडे ठरलेलेच. पण भाकरी-पालेभाजीतले लोह चहामुळे पुरते अंगी लागत नाही. आंबट फळातल्या ‘क’ जीवनसत्त्वाने जास्त लागते. घरात कुणा बाईला रक्त कमी असेल तर हे जरूर ध्यानात घ्यावे.

थंडीत महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी बाजारात येते. दोन संत्री सोलून बिया काढाव्यात (एक राहिली तरी कडू होते), सात-आठ स्ट्रॉबेरी, एक केळे व अर्धा पेला पाणी घालून मिक्सरमधून काढावे. स्ट्रॉबेरी महाग वाटली तर आवळा किसून घाला, तो काही कमी नाही. दूध नको, आंबटाने नासते. गाळू नये, चोथा पोटाला चांगला. साखर? कारखाना आपला असला तरी इथे नको, केळ्याची गोडी पुरते. केल्याबरोबर भाकरीसंगे प्यावे, चहा तासाभराने.