छिन्नमनस्कता : रुग्णाच्या बाजूने

छिन्नमनस्कतेत, म्हणजेच स्किझोफ्रेनियात, ऐकू येणारे आवाज आम्हा रुग्णांना शेजारच्या माणसाच्या बोलण्याइतकेच खरे असतात. म्हणून 'तेथे कोणी नाही' अशा वादाने आमचे समाधान होत नाही. आमचे मन भ्याले आहे, हे ओळखणारा माणूस जवळचा वाटतो.

औषधांनी आवाज बहुधा मंदावतात. पण सुस्ती येते, वजन वाढते. बरे वाटताच गोळ्या सोडण्याचा मोह होतो आणि आजार उलटतो. त्रास डॉक्टरांना सांगून औषध बदलून घेणे, झोप उडू लागताच ती धोक्याची खूण मानणे, हे आम्ही अनुभवाने शिकतो. घरातील सततची टीकाही आजार उलटण्यास हातभार लावते.

विनयपिटकाच्या महावग्गात गग्ग नावाच्या उन्मत्त भिक्खूची हकीकत आहे. त्याला उपोसथाचे कधी स्मरण राही, कधी नाही. तथागतांनी त्याला संघाबाहेर काढण्यास सांगितले नाही. संघाने त्याला रीतसर उन्मत्तसंमती द्यावी, म्हणजे तो आला वा न आला तरी उपोसथ करता येईल, असा मार्ग त्यांनी दाखविला. आजाराने माणसाचे स्थान जात नाही, हाच याचा अर्थ.

आपल्यावर कसे उपचार व्हावेत, हे आधीच लिहून ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने आम्हाला दिला आहे. प्रकृती स्थिर असताना तो वापरावा, ही आमच्यासारख्या सर्वांना विनंती.