एनर्जी ड्रिंक की कॉफी? कारागीर आणि दुकानदारांनी मांडावयाचा हिशेब

भिवंडीत यंत्रमागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही. तेथील एका किराणा दुकानात काही दिवसांपूर्वी आम्ही बसलो होतो. रात्रपाळीला निघालेले कारागीर एकेक करून येत, फ्रीजमधून 'एनर्जी'ची बाटली उचलत आणि वीस रुपये ठेवून निघून जात. त्यांच्यामागोमाग दहा-बारा वर्षांचा एक मुलगा आला. त्यानेही वीसची नोट पुढे केली. दुकानदार क्षणभर थांबले, मग बाटली त्याच्या हाती दिली आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "भाईसाहेब, कंपनीचा माणूस म्हणतो यात कॉफीइतकेच असते. लोक म्हणतात याने हृदय बंद पडते. आम्ही कोणाचे ऐकायचे?"

प्रश्न रास्त आहे. या पानाच्या वाचकांपैकी अनेकजण ही बाटली विकतात आणि अनेकजण पितात. तेव्हा व्यापाऱ्याच्या पद्धतीने, आकडे समोर ठेवूनच याचा विचार केला पाहिजे.

कॅफिन करते काय?

चहा, कॉफी आणि एनर्जी ड्रिंक या तिन्हींतील तरतरी आणणारे द्रव्य एकच, ते म्हणजे कॅफिन. माणूस जागा राहून काम करतो तसतसे त्याच्या मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. तेच थकव्याची वर्दी देते. कॅफिन या वर्दीची वाट अडवून बसते. थकवा शरीरात तसाच राहतो, फक्त त्याची खबर आपल्याला लागत नाही.

कॅफिनचा हा गुण जुना आहे. पंधराव्या शतकात येमेनमधील सूफी मंडळी रात्रीच्या जिक्रसाठी जागे राहता यावे म्हणून कहवा पीत असत. तेथील मोखा बंदरातून कॉफी जगभर गेली. आपल्याकडे ती बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात सात बियांच्या रूपाने आणली असे परंपरा सांगते. चिकमंगळूरजवळचे बाबा बुदनगिरी डोंगर त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

आकडे काय सांगतात?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहारविषयक मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांनुसार १५० मिलीलिटरच्या एका कपात बियांची पूड उकळून वा गाळून केलेली कॉफी असेल तर ८० ते १२० मिलीग्रॅम, झटपट कॉफी असेल तर ५० ते ६५ मिलीग्रॅम आणि चहा असेल तर ३० ते ६५ मिलीग्रॅम कॅफिन असते. दिवसभराची मर्यादा ३०० मिलीग्रॅम सांगितली आहे.

आता बाटलीकडे पाहू. भारतातील अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे कॅफिनयुक्त पेयात लिटरमागे १४५ ते ३०० मिलीग्रॅम कॅफिन असावे लागते. म्हणजे २५० मिलीलिटरच्या बाटलीत जास्तीत जास्त ७५ मिलीग्रॅम. याचा अर्थ असा की एक बाटली ही एका कप फिल्टर कॉफीपेक्षा थोडी कमी आणि झटपट कॉफीपेक्षा थोडी जास्त. एवढ्यापुरते कंपनीच्या माणसाचे म्हणणे खरे आहे. निरोगी, धडधाकट माणसाचे एका बाटलीने हृदय बंद पडते, ही भीती अवास्तव आहे.

परदेशातून येणाऱ्या कॅनची गोष्ट मात्र वेगळी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मॉन्स्टरच्या ४७३ मिलीलिटरच्या कॅनमध्ये १६० मिलीग्रॅम कॅफिन असते. नातेवाइकांनी बाहेरदेशाहून आणलेला कॅन उघडण्यापूर्वी त्यावरील आकडा वाचावा.

मग फरक कोठे आहे?

पहिला फरक पिण्याच्या पद्धतीत. गरम कॉफी माणूस फुंकून, घोट घोट पितो. थंड आणि गोड बाटली दोन मिनिटांत रिकामी होते, आणि लगेच दुसरी उघडावीशी वाटते.

दुसरा फरक साखरेचा. रेड बुलच्या २५० मिलीलिटरच्या साध्या कॅनमध्ये सुमारे २७ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटनेने वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी असे सुचवले आहे. एका कॅनमध्येच ती मर्यादा ओलांडली जाते. कॉफीत साखर किती घालायची हे निदान आपल्या हातात असते.

तिसरा फरक हिशेबाचा. कारागीर बाटली पितो, पण त्या दिवसाचा चहा सोडत नाही. तीन बाटल्यांचे २२५ आणि चार कप चहाचे कमीत कमी १२० मिलीग्रॅम धरले तरी बेरीज ३४५ होते. मर्यादा कधी ओलांडली हे त्याला कळतही नाही. धडधड, हाताची थरथर, छातीत जळजळ सुरू झाली की तो दोष उन्हाला किंवा जेवणाला देतो.

अनेकजण आम्हाला टॉरिनबद्दलही विचारतात. हे द्रव्य १८२७ मध्ये प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे काढले गेले, म्हणून त्याला तसे नाव पडले. आज पेयांसाठी लागणारे टॉरिन सर्वसाधारणपणे कारखान्यात रासायनिक पद्धतीने तयार होते. तरीही मनात शंका असेल त्याने कंपनीकडून खुलासा मागवावा.

उधारीची ताकद

शरीरात गेलेले कॅफिन निम्मे होण्यास साधारण पाच तास लागतात. रात्री दोन वाजता घेतलेल्या बाटलीतील निम्मे कॅफिन सकाळी सात वाजता, कारागीर झोपावयास जातो तेव्हा, अंगात असते. झोप उथळ लागते. दुसऱ्या रात्री थकवा अधिक, म्हणून बाटल्या दोन. ही ताकद उधारीची आहे आणि उधारीवर व्याज चढते हे व्यापाऱ्याला सांगावयास नको. मागावर, कटाई यंत्रावर किंवा ट्रकच्या चाकामागे बसलेल्या माणसाचा एक डुलका बोट घेऊन जातो, कधी जीवही. पाळी सुरू होण्याआधीची तासाभराची झोप, भरपूर पाणी आणि पाळीच्या पहिल्या अर्ध्यात एक कप कॉफी, एवढ्यावर ज्याचे भागते त्याने बाटलीच्या नादी लागू नये.

रमजानबाबत एक सूचना. रोज भरपूर कॅफिन घेणाऱ्याने ते एकदम थांबवले की बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी सुरू होऊ शकते. पहिल्या रोजांना दुपारी डोके धरून बसणाऱ्या पुष्कळ बांधवांच्या त्रासामागे हेही एक कारण असते. आठवडाभर आधीपासून रोजचे प्रमाण थोडे थोडे कमी करावे.

दुकानदाराची जबाबदारी

या बाटलीवर कायद्याने इशारा छापलेला असतो. लहान मुले, गर्भवती व अंगावर पाजणाऱ्या माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्तींनी हे पेय घेऊ नये, तसेच दिवसाला ५०० मिलीलिटरपेक्षा जास्त पिऊ नये. रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. लिथुआनियाने २०१४ मध्ये, लाटव्हियाने २०१६ मध्ये आणि पोलंडने २०२४ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना ही पेये विकण्यास बंदी केली. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासन मंत्र्यांनीही जुलै २०२४ मध्ये शाळांपासून ५०० मीटरच्या आत अशा पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा विधान परिषदेत केली होती.

धंद्याची बाजूही पाहावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅफिनयुक्त पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, तर झटपट कॉफीवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. यंत्रमागांच्या वस्तीत रात्री ताजी कॉफी आणि चहा देणारी टपरी चालवणे कमी भांडवलाचे काम आहे. कप दुकानदार स्वतः बनवतो, म्हणून नफाही त्याच्याच हाती राहतो. होतकरू तरुणांनी याचा विचार करावा.

आमच्या त्या दुकानदारांना आम्ही हे सारे आकडे सांगितले. त्यांनी बाटली उचलून चष्मा लावला आणि बारीक अक्षरातील इशारा पहिल्यांदाच वाचला. "म्हणजे त्या पोराला द्यायला नको होती," एवढेच ते म्हणाले. तो मुलगा त्यांच्याच गल्लीतला होता. मोठ्यांना बाटली विकावी, पण दिवसाला दोनच, हे तोंडाने सांगावे. मुलाने नोट पुढे केली तर त्याला दुसरे काही द्यावे किंवा रिकाम्या हाती परत पाठवावे. वीस रुपयांची ही एक विक्री बुडाली म्हणून कोणाच्या रोजीत खोट येणार नाही.